ट्रायल की अपील? फेडरल कोर्टात चोवीस वर्षं काढल्यावरचं माझं उत्तर

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारी मुलगी कोल्हापूरची, तिथे एका सीनियरकडे दोन वर्षं ज्युनियर म्हणून काम केलंय, लग्नानंतर शिकागोला आली, ग्रीन कार्ड आहे, आणि आता इथे लॉ स्कूलला जेडीच्या, म्हणजे इथल्या वकिलीच्या पदवीच्या, पहिल्या वर्षात आहे. तिचं म्हणणं असं की फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टातच लिटिगेशन म्हणजे खटल्यांचं काम करायचं हे ठरलंय, पण ट्रायलकडे (साक्षीपुराव्यासकट खालच्या कोर्टात खटला चालवणं) जाऊ की अपीलकडे? प्रोफेसर म्हणतात अपील म्हणजे खरं डोक्याचं काम. शिवाय माझे उच्चार ऐकून ज्युरी माझं मनावर घेईल का, आणि कोल्हापूरची दोन वर्षं फुकट गेली का?

वयाने बरीच लहान आहेस म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस. माझं थोडक्यात, मूळची मिरजेची, १९८८ ला आठवीत असताना आईबाबांबरोबर इकडे आले, २००१ ला लॉ स्कूल संपलं, एक वर्ष एका डिस्ट्रिक्ट जजकडे, म्हणजे फेडरल ट्रायल कोर्टाच्या जजकडे, क्लार्कशिप केली (जजच्या हाताखाली कायद्याचं काम), मग मोठ्या फर्ममध्ये पाच वर्षं, आणि त्यानंतर आजपर्यंत छोट्या लिटिगेशन फर्ममध्ये. ट्रायलही करते आणि अपीलही करते, दोन्ही, आणि मुद्दाम दोन्ही. का ते खाली सांगते कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

ट्रायल आणि अपील या दोन वेगळ्या वाटा आहेत असं लॉ स्कूलमध्ये वाटतं, कारण तिथे तू फक्त अपीलचे निकाल वाचतेस. कॉन्ट्रॅक्ट्स घे, टॉर्ट्स घे, सिव्हिल प्रोसिजर घे, केसबुकात सगळे वरच्या कोर्टाचे निकाल. खाली काय झालं ते एका परिच्छेदात उरकलेलं असतं. त्या एका परिच्छेदाच्या मागे कुणाची तरी तीन-चार वर्षं गेलेली असतात, हजारो पानांचे कागद, वीस-पंचवीस साक्षी, आणि वरच्या कोर्टाने जो निकाल दिला तो त्या कागदांच्या बाहेर एक इंचही जाऊ शकत नाही. अपीलमध्ये नवा साक्षीदार नाही, नवा कागद नाही. खाली जे रेकॉर्डवर आलं तेवढंच जग. तुला हे समजायला सोपं जाईल, तुझ्या सीनियरने सांगितलं असणारच की रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, नाही ते कोर्टात घडलंच नाही. तेच इथे, फक्त दसपटीने कडक.

एक फरक मात्र नीट लक्षात घे. आपल्याकडे सिव्हिल सूटमध्ये सरतपासणी ॲफिडेव्हिटवर येते, उलटतपासणी बऱ्याचदा कमिशनरपुढे होते, आणि पहिल्या अपिलात वरचं कोर्ट सगळा पुरावा पुन्हा तपासून वेगळं मत देऊ शकतं. इथे साक्षीदार ज्युरीसमोर बसतो, प्रश्नोत्तरं शब्दशः कोर्ट रिपोर्टर टाइप करते, आणि ज्युरीने किंवा जजने वस्तुस्थितीबद्दल जे ठरवलं त्याला वरचे जज सहसा हात लावत नाहीत. कायद्याचा प्रश्न असेल तर ते नव्याने बघतात. जजने ठरवलेली वस्तुस्थिती उलटवायची तर ती उघड उघड चूक असली पाहिजे, आणि आमच्या सेव्हन्थ सर्किटने, म्हणजे आमच्या भागाच्या फेडरल अपील कोर्टाने, १९८८ मध्ये एका निकालात उघड चूक म्हणजे काय ते असं सांगितलंय की तो निर्णय पाच आठवडे फ्रिजबाहेर पडलेल्या मेलेल्या माशासारखा नाकाला झोंबला पाहिजे. आणि पुरावा आत घ्यायचा की नाही असल्या गोष्टींत खालच्या जजला भरपूर मोकळीक असते. अपील करणाऱ्यांपैकी ढोबळमानाने दहातल्या एखाद्याचाच खालचा निकाल उलटतो. म्हणून जे अपील जिंकायचंय ते ट्रायलमध्येच पेरावं लागतं.

आता माझीच एक गोष्ट सांगते, कारण हे मी पुस्तकातून शिकले नाही. आमच्या इथल्या फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टात, म्हणजे नॉर्दर्न डिस्ट्रिक्ट ऑफ इलिनॉयमध्ये, ट्रायल बार म्हणून वेगळा प्रकार आहे. नुसती कोर्टात वकील म्हणून नोंद पुरत नाही, ट्रायलमध्ये मुख्य वकील म्हणून उभं राहायचं तर आधी ठरावीक अनुभव दाखवावा लागतो, आणि एकदा ट्रायल बारमध्ये आलात की कोर्ट तुम्हाला वकील परवडत नसलेल्या पक्षकारांच्या केसेस नेमून देतं आणि त्या घ्याव्या लागतात. त्यात बऱ्याच कैद्यांच्या असतात. मला अशीच एक मिळाली होती, तुरुंगातला माणूस, हाताला जखम होऊन इन्फेक्शन झालं, त्याचं म्हणणं की मी तीन वेळा चिठ्ठी लिहून डॉक्टर मागितला आणि नऊ दिवस कुणी बघितलं नाही. कैद्याच्या गंभीर दुखण्याकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणं हा घटनेचा भंग आहे हे सुप्रीम कोर्टाने १९७६ ला एस्टेल विरुद्ध गॅम्बलमध्ये सांगितलेलं आहे, म्हणजे कायदा आमच्या बाजूने होता, भांडण वस्तुस्थितीचं होतं, त्याने खरंच चिठ्ठ्या दिल्या होत्या का आणि त्या कुणी बघितल्या होत्या का.

माझ्याकडे एक साक्षीदार होता, त्याच्या कोठडीतला सोबती, ज्याने चिठ्ठी गार्डच्या हातात जाताना बघितली होती. समोरच्यांनी ऑब्जेक्शन घेतलं, जजने आम्हाला बेंचजवळ बोलावलं, ज्युरीला ऐकू जाऊ नये म्हणून सगळे कुजबुजत बोललो, मी जीव तोडून सांगितलं हा साक्षीदार का महत्त्वाचा आहे, जज म्हणाले नाही, याने वेळ जाईल, पुढे चला. आणि मी पुढे गेले. कोर्ट रिपोर्टर तिच्या जागेवरच बसून होती. त्या तीन-चार मिनिटांचं एक अक्षरही टाइप झालं नाही. मला तेव्हा काय करायला हवं होतं तर ब्रेकमध्ये ज्युरी बाहेर असताना उभं राहून म्हणायचं, जजसाहेब, या साक्षीदाराने काय सांगितलं असतं ते मला रेकॉर्डवर मांडायचंय, आणि दोन मिनिटांत मांडायचं. याला ऑफर ऑफ प्रूफ म्हणतात, एव्हिडन्सच्या नियम १०३ मध्ये आहे, परीक्षेला पाठ केलेला होता. जज नाराज झाले असते म्हणून मी गप्प बसले.

निकाल विरुद्ध गेला, मी अपील केलं, ब्रीफमध्ये (अपीलच्या लेखी युक्तिवादात) पहिला मुद्दा हाच घेतला. ऑर्ग्युमेंटला, म्हणजे तोंडी युक्तिवादाला, उभी राहिले, दुसऱ्याच मिनिटाला मधल्या जजनी विचारलं, कौन्सेल, हा माणूस काय सांगणार होता हे रेकॉर्डमध्ये कुठल्या पानावर आहे? माझ्याकडे पान नव्हतं. त्याआधी न टाइप झालेलं बोलणं नंतर मांडून घ्यायची जी सोय अपीलच्या नियम १० मध्ये आहे ती मी वापरून बघितली होती, पण समोरच्या वकिलांना त्यातलं काही आठवत नव्हतं आणि जजसाहेबांनी तेवढीच नोंद केली की साक्षीदाराबद्दल चर्चा झाली. हरलो. निकालाची प्रत घेऊन मी त्या माणसाला भेटायला गेले, जायला चार तास ड्राइव्ह होता, त्याने सगळं शांतपणे वाचलं आणि विचारलं, म्हणजे तुम्ही तिथे जे बोललात ते कुणी लिहूनच घेतलं नाही? त्या दिवसापासून बेंचजवळ जायची वेळ आली की मी आधी कोर्ट रिपोर्टरकडे बघते, ती उठून जवळ येईपर्यंत तोंड उघडत नाही. जज कितीही घाईत असू देत.

रेकॉर्डला डोळे नसतात हेही असंच शिकले. साक्षीदार हात दाखवून म्हणतो, इतकी सूज होती. ज्युरीला दिसतं. ट्रान्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे रिपोर्टरने टाइप केलेल्या प्रतीत, फक्त "इतकी सूज होती" एवढं उमटतं आणि दीड वर्षाने तीन जज ते वाचतात तेव्हा इतकी म्हणजे किती हे कुणालाच कळत नाही. म्हणून लगेच म्हणायचं, साक्षीदार दोन्ही हातांमध्ये साधारण चार इंचांचं अंतर दाखवतोय अशी नोंद व्हावी. मान हलवली तर म्हणायचं, तोंडाने उत्तर द्या. फोटोवर बोट ठेवलं तर कुठला एक्झिबिट, वरचा डावा कोपरा का खालचा उजवा, सगळं बोलून घ्यायचं. ट्रायलमध्ये हे करताना वेड्यासारखं वाटतं, सगळे समोर बघतायत आणि आपण समोरचंच वर्णन करतोय, पण ज्यांनी अपील केलंय ते वकील हे श्वास घेतल्यासारखं करतात आणि ज्यांनी नाही केलं त्यांचे ट्रान्स्क्रिप्ट वाचताना माझा जीव वरखाली होतो.

तारखांचं तर विचारूच नकोस. आपल्याकडे उशीर झाला तर डिले कंडोनेशनचा, म्हणजे उशीर माफ करण्याचा, अर्ज टाकता येतो, आजारपण, कागद मिळाले नाहीत, कोर्ट बऱ्याचदा ऐकून घेतं. इथे सिव्हिल केसमध्ये निकालापासून ३० दिवसांत अपीलची नोटीस, फेडरल सरकार पक्षकार असेल तर ६०, आणि क्रिमिनलमध्ये आरोपीला फक्त १४. मुदतवाढ मागता येते, पण अगदी मोजक्या कारणांसाठी आणि तीही ठरावीक दिवसांच्या आत. बोल्स विरुद्ध रसेल म्हणून २००७ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, तो तू या आठवड्यातच वाच. कायद्यात १४ दिवसांची वाढीव मुदत होती, डिस्ट्रिक्ट जजने चुकून ऑर्डरमध्ये १७ दिवस दिले, वकिलाने जजच्या ऑर्डरवर विश्वास ठेवून सोळाव्या दिवशी नोटीस दिली. सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने सांगितलं की जजची चूक असली तरी मुदत ही अधिकारक्षेत्राची बाब आहे, अपील गेलं. माणूस खुनाच्या शिक्षेवर तुरुंगात होता. मी आजही कुठल्याही जजने लिहिलेली तारीख कॅलेंडरला टाकायच्या आधी कायद्याचं पुस्तक उघडून स्वतः दिवस मोजते.

तसंच आणखी एक, जे ट्रायलवाले हमखास विसरतात. पुरावा संपल्यावर, ज्युरी आत जायच्या आधी, नियम ५० खाली तुम्ही म्हणता की समोरच्याच्या पुराव्यात दम नाही, निकाल आम्हालाच द्या. जज बहुतेक वेळा फेटाळतात. ज्युरीचा निकाल विरुद्ध आला तर कोर्टाचं जजमेंट नोंदल्यापासून २८ दिवसांत तेच परत मागावं लागतं. नाही मागितलं तर पुरावा अपुरा होता हा मुद्दा वर नेताच येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००६ ला युनिथर्म केसमध्ये स्पष्ट केलंय. तिथे पहिल्यांदा मागितलं होतं, दुसऱ्यांदा राहिलं, संपलं. एक मोशन, म्हणजे कोर्टाला अर्ज, फार तर दहा पानं, पण निकालाच्या धक्क्यात सगळी टीम घरी जाऊन झोपलेली असते आणि तेवढ्यातच हे दिवस निघून जातात. म्हणून चांगल्या मोठ्या ट्रायलमध्ये आजकाल अपीलचा वकील पहिल्या दिवसापासून मागच्या बाकावर बसलेला असतो. तो बोलत नाही, फक्त बघतो की काय काय रेकॉर्डवर आलं. ते काम मी केलंय आणि तरुण माणसाला शिकायला त्याच्यासारखी जागा नाही.

आता ज्युरी आणि तुझे उच्चार. ज्युरी म्हटलं की आपल्याला नानावटींचा खुनाचा खटला आठवतो, मुंबईच्या सेशन्स कोर्टातल्या ज्युरीने ८ विरुद्ध १ ने निर्दोष म्हटलं, जजने ते न मानता हायकोर्टाकडे पाठवलं, आणि त्यानंतर काही वर्षांत आपल्याकडे ज्युरी बंदच झाली. त्यामुळे ज्युरी म्हणजे भावनेने वाहून जाणारे लोक असं आपल्या मनात बसलंय. माझा अनुभव तसा नाही. फेडरल सिव्हिल ट्रायलला कमीत कमी सहा जण असतात, निकाल सहसा एकमताने लागतो, आणि ते लोक विलक्षण लक्ष देऊन ऐकतात. बस ड्रायव्हर असतो, शाळेतली बाई असते, रिटायर्ड माणूस असतो, वहीत टिपणं घेत असतात. उच्चारांनी त्यांचं काही अडत नाही. त्यांना वेग अडतो. आपण मराठी माणसं इंग्रजी फार भरभर बोलतो, वाक्याच्या शेवटी आवाज पडतो, आणि प्रश्न लांबवतो. उलटतपासणीत एका प्रश्नात एकच गोष्ट, सात-आठ शब्द, थांब. उत्तर पूर्ण येऊ दे. मग पुढचा. हे जमलं की उच्चार कुणाच्या लक्षातही राहत नाहीत.

उच्चारांची खरी काळजी कोर्ट रिपोर्टरसाठी घ्यायची. ती जे ऐकते तेच कायमचं होतं. मी ट्रायलच्या पहिल्या दिवशी सकाळी तिला एक पानाची यादी नेऊन देते, सगळ्या साक्षीदारांच्या नावांची स्पेलिंगं, औषधांची नावं, कंपन्यांची नावं. तिला मदत होते आणि अकराशे पानांच्या ट्रान्स्क्रिप्टमध्ये आपल्या मुख्य साक्षीदाराचं नाव तीन प्रकारे छापून येत नाही.

मात्र एक कडू गोष्ट तुला स्पष्ट सांगायला हवी, ट्रायल करायला मिळणं हेच आता अवघड आहे. १९६२ ला फेडरल सिव्हिल केसेसपैकी ११.५ टक्के ट्रायलपर्यंत जायच्या, २००२ ला तो आकडा १.८ टक्क्यांवर आला, आणि त्यानंतर आणखी खालीच गेलाय. बाकीच्या केसेस डिसमिस होतात, समरी जजमेंटला, म्हणजे ट्रायलशिवाय कागदांवरच, निकाली निघतात, किंवा सेटल होतात. क्रिमिनलमध्ये दहातले नऊहून जास्त आरोपी गुन्हा कबूल करून मोकळे होतात. मोठ्या फर्ममध्ये पहिली पाच वर्षं मी जवळजवळ फक्त डिस्कव्हरी, म्हणजे ट्रायलआधी एकमेकांकडून पुरावे मागवण्याचं काम, केली, कागद, ईमेल, डिपॉझिशनच्या (कोर्टाबाहेर घेतलेल्या शपथेवरच्या साक्षींच्या) नोट्स, आणि दर सहा मिनिटांचा हिशोब टाइमशीटवर. पैसा चांगला होता, शिक्षणाचं कर्ज फिटलं, पण पाच वर्षांत एकदाही साक्षीदाराला उभं राहून प्रश्न विचारला नाही. तिथल्या माझ्या बरोबरीच्या काहींनी दहा-दहा वर्षांत ज्युरी बघितली नव्हती आणि तरी कार्डावर ट्रायल लॉयर छापलेलं होतं.

म्हणून ट्रायल हवी असेल तर जिथे ट्रायल होते तिथे जायचं. यूएस ॲटर्नी ऑफिस म्हणजे फेडरल सरकारी वकील, तिथे ट्रायल खूप पण नागरिकत्व लागतं, तेव्हा तुला तोवर थांबावं लागेल. फेडरल डिफेंडर, म्हणजे ज्यांना वकील परवडत नाही अशा आरोपींचे वकील, गिडियनचा १९६३ चा निकाल आणि त्याच्या पुढच्या वर्षीचा क्रिमिनल जस्टिस ॲक्ट यातून उभी राहिलेली व्यवस्था, माझ्या बघण्यातले सगळ्यात पक्के ट्रायल वकील तिथे घडलेत. नागरी हक्कांच्या आणि नोकरीतल्या भेदभावाच्या केसेस करणाऱ्या छोट्या फर्म. आणि नेमून दिलेल्या प्रो बोनो, म्हणजे फी न घेता चालवायच्या, केसेस, ज्यातून पैसा जवळजवळ काहीच मिळत नाही, कैद्याच्या केसमध्ये जिंकलात तरी समोरच्याकडून मिळणाऱ्या फीवर कायद्याने मर्यादा घातलीय, पण पूर्ण ट्रायल तुमच्या हातात असते. माझ्या पहिल्या चारही ट्रायल अशाच होत्या.

क्लार्कशिप मिळाली तर डोळे झाकून घे. ग्रीन कार्डवर पगारी क्लार्कशिपचे नियम थोडे किचकट आहेत, कॉलेजच्या करिअर ऑफिसमधून आत्ताच विचारून ठेव. सगळे अपील कोर्टाच्या जजकडची मागतात कारण ती जास्त मानाची समजली जाते. तुला मी डिस्ट्रिक्ट जजकडची घे म्हणेन. एका वर्षात शंभर वकील येताजाताना दिसतात, कोण तयारी करून येतो, कोण जजला आवडत नाही आणि का, कुठली ब्रीफ दुपारी चार वाजता दमलेल्या माणसालाही कळते. मी त्या वर्षात जेवढं शिकले तेवढं लॉ स्कूलच्या तिन्ही वर्षांत नाही.

आणि अपीलचं काम. प्रोफेसरांचं बरोबर आहे, ते डोक्याचं काम आहेच, आणि मला मनापासून आवडतं. ब्रीफला शब्दमर्यादा असते, फेडरल नियमात १३,००० शब्द, आमच्या सेव्हन्थ सर्किटने मात्र जुनेच १४,००० ठेवलेत. नव्या माणसाला वाटतं एवढ्यात कसं मावणार, जुना माणूस ९,००० मध्ये संपवतो. तीन मुद्दे, फार तर चार. आठ मुद्दे घेतले की जजला वाटतं यांच्याकडे एकही धड नाही. वस्तुस्थितीच्या भागात प्रत्येक वाक्याला रेकॉर्डचा पान नंबर, आणि आपल्या विरुद्ध जाणारी गोष्टही तिथेच आपल्या तोंडाने सांगून टाकायची, समोरच्याने सांगितली तर लपवल्यासारखी दिसते. सेव्हन्थ सर्किट अधिकारक्षेत्राच्या परिच्छेदाबद्दल फार काटेकोर आहे. दोन राज्यांतल्या पक्षकारांचं भांडण म्हणून केस फेडरल कोर्टात आली असेल आणि एक पक्षकार एलएलसी, म्हणजे एक प्रकारची मर्यादित जबाबदारीची कंपनी, असेल तर त्या एलएलसीचा प्रत्येक मेंबर कुठल्या राज्याचा नागरिक आहे हे लिहावंच लागतं, कंपनी कुठे नोंदवली हे लिहून भागत नाही. हे चुकवून ऑर्ग्युमेंटच्या वेळी भर कोर्टात बोलणी खाल्लेले वकील मी बघितलेत, आणि कधी कधी वर्षानुवर्षांची केसच उडते.

ऑर्ग्युमेंट बऱ्याचदा पंधरा-वीस मिनिटांत आटोपतं. हायकोर्टात तीन-तीन दिवस चाललेला युक्तिवाद बघितलेल्या माणसाला हे खोटं वाटतं. शिवाय आमच्या इथे तीन जज कोण असणार ते त्याच दिवशी सकाळी कळतं, त्यामुळे एखाद्या जजचा स्वभाव धरून तयारी करता येत नाही, सगळ्यांसाठीच करावी लागते. मी ऑफिसातल्या दोघांना ब्रीफ देऊन बसवते, दोनदा सराव, प्रश्नांचे पत्ते, सगळ्यात वाईट प्रश्न सगळ्यात वर. उभं राहिल्यावर जजने विचारलं की आधी हो किंवा नाही, मग कारण. "त्याकडे मी नंतर येते" असं चुकूनही म्हणायचं नाही, पिवळा दिवा लागतो, मग लाल, नंतर असं काही येत नाही. रिचमंडला फोर्थ सर्किटमध्ये छान पद्धत आहे, ऑर्ग्युमेंट संपल्यावर तिन्ही जज खाली उतरून दोन्ही बाजूंच्या वकिलांशी हात मिळवतात. मी तिथे एकदाच गेलेय, पण ते विसरले नाही.

आपल्यातल्या एका जुन्या वकिलाचं इथे सांगावंसं वाटतं, कारण ट्रायल आणि अपील मिळून काय घडतं ते त्यांच्याइतकं कुणी दाखवलं नसेल. सखाराम गणेश पंडित. १९१४ ला लॉस एंजेलिसला अमेरिकन नागरिक झाले, मग वकील झाले. तेव्हा गोरी व्यक्ती असेल तरच नागरिकत्व मिळे, किंवा आफ्रिकन वंशाची. १९२३ ला भगतसिंग थिंड यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भारतीय गोरे नाहीत. थिंडच्या बाजूने पंडितही वकील होते. ती हरल्यावर सरकारने ज्या भारतीयांना आधी नागरिकत्व मिळालं होतं त्यांचंही काढून घ्यायला सुरुवात केली, आणि पंडितांवरही केस केली. आता सुप्रीम कोर्टाचा एकमताचा निकाल विरुद्ध आहे, कायद्याने वाद घालायला जागाच उरली नाही. त्यांनी काय केलं तर १९१४ चं रेकॉर्ड काढलं. तेव्हाच्या सुनावणीत वंशाचा हा मुद्दा निघाला होता, निकाल माझ्या बाजूने लागला, सरकारने तेव्हा अपील केलं नाही, आणि त्या निकालावर विसंबून मी वकिली केली, घर केलं, संसार केला. ट्रायल कोर्टाने मानलं, १९२६ ला नाइन्थ सर्किटने कायम केलं, आणि सुप्रीम कोर्टाने केस ऐकायलाच नकार दिला. त्यानंतर बाकीच्या भारतीयांवरच्या अशा केसेसही सरकारने सोडून दिल्या. बारा वर्षांपूर्वीच्या एका साध्या सुनावणीच्या कागदावर एवढं सगळं तरलं. तो निकाल मी दर दोन-तीन वर्षांनी काढून वाचते.

तर आधी ट्रायल की अपील? आधी ट्रायल, किंवा निदान ट्रायल कोर्ट. पाच-सहा वर्षं खाली घाल, साक्षीदार तपास, ऑब्जेक्शन चुकव, एखादी केस हर, आणि मग अपील लिहायला बस. ट्रान्स्क्रिप्ट वाचताना तुला खोली दिसेल, जज कुठे वैतागले, साक्षीदार कुठे थांबला, वकिलाने ऑब्जेक्शन का नाही घेतलं. ज्याने ट्रायल कधीच केली नाही तो तेच पान वाचून नियमाचा प्रश्न काढतो, चांगला काढतो, पण त्या खोलीत तो निर्णय का झाला हे त्याला कळत नाही आणि वर बसलेले जज, ज्यांच्यातले काही आधी ट्रायल जज होते, त्यांना हे लगेच जाणवतं. उलटं करणारेही आहेत, क्लार्कशिपहून थेट अपीलमध्ये गेलेले हुशार लोक, त्यांचं चांगलं चाललंय. पण तू कोल्हापूरला उलटतपासणी बघितलेली मुलगी आहेस, तुझा हात तिथे आधीच बसलाय.

ती दोन वर्षं रेझ्युमेवर अजिबात खाली ढकलू नकोस. नुसतं "सीनियरकडे असिस्टंट" असं लिहून ठेवू नकोस, किती साक्षीदारांची तपासणी तू स्वतः केलीस, किती अर्ज स्वतः चालवलेस, कुठल्या कोर्टात, आकड्यांसकट लिही. इथे तुझ्या वर्गातल्या कुणीही खऱ्या साक्षीदाराला एक प्रश्नसुद्धा विचारलेला नाही. मराठीत साक्ष देणाऱ्या माणसाला शब्द न चुकवता पकडता येतं ही मोठी कमाई आहे, भाषा बदलली तरी कान तोच राहतो. आता कोल्हापूरलाही मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय असं वाचलं, खूप बरं वाटलं. इथलाही सर्किट शब्द तसाच आला, पूर्वी जज घोड्यावरून गावोगाव फिरून कोर्ट भरवायचे.

या सेमिस्टरला एकच काम कर. डिअरबॉर्न स्ट्रीटवर डर्कसन बिल्डिंग आहे, काळी, उंच, समोरच्या चौकात लाल रंगाचं मोठं लोखंडी शिल्प. ओळखपत्र घेऊन जा, कुणीही अडवत नाही, सगळी कोर्टं जनतेला खुली असतात. सकाळी साडेनऊला सत्ताविसाव्या मजल्यावर सेव्हन्थ सर्किटची ऑर्ग्युमेंट सुरू होतात, एक सकाळ तिथे बस. जायच्या आधी त्या दिवसाच्या एका केसच्या दोन्ही ब्रीफ ऑनलाइन काढून वाच. दुपारी खालच्या मजल्यांवर उतर, कुठे ज्युरी ट्रायल चालू आहे ते क्लार्क ऑफिसमध्ये विचारलं की सांगतात, तिथे मागच्या बाकावर जाऊन बस, आणि वकिलांकडे कमी, कोर्ट रिपोर्टरकडे जास्त बघ. तिचे हात कधी थांबतात आणि तेव्हा खोलीत काय चाललेलं असतं ते वहीत लिहून आण. मग परत विचार, मी आहे.